आधी नावं, मग फोटो

गणपतीला किंवा मे महिन्यात कोकणात गावी गेलं की घरात एक तरी कॅमेरावाला असतोच. पहिल्याच संध्याकाळी आजीला ठेवणीतलं लुगडं नेसवून ओटीवरच्या खुर्चीत बसवतात, मागे नातवंडं उभी राहतात, आणि आजीचा फोटो झाला असं सगळ्यांना वाटतं. त्याच ओटीच्या भिंतीवर जुन्या तसबिरी ओल धरून काळवंडत असतात आणि त्यांतली निम्मी माणसं कोण, हे फक्त त्या खुर्चीतल्या आजीलाच ठाऊक असतं. म्हणून कामाचा क्रम उलटा लावावा. आधी नावं, मग जुन्या फोटोंच्या प्रती, नवे फोटो त्यानंतर. नव्वदीतल्या माणसाने या गणपतीला ओळखलेला चेहरा पुढच्या गणपतीला ओळखू येईलच असं नाही.

तसबिरी उतरवण्याआधी अख्ख्या भिंतीचा एक फोटो काढून ठेवा, म्हणजे कुठली कुठे होती याचा घोळ होत नाही. मग प्रत्येक फोटोचा मोबाइलवर साधा फोटो घ्या आणि आजीला मूळ फोटो न दाखवता टॅबलेटवर किंवा मोठ्या पडद्याच्या मोबाइलवर एकेक चेहरा मोठा करून दाखवा. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना दोन-अडीच इंचाच्या फोटोतले चेहरे दिसत नाहीत आणि म्हातारी माणसं "दिसत नाही" असं न म्हणता "आठवत नाही" म्हणून मोकळी होतात. चेहरा पडद्याएवढा केला की नाव झटकन येतं.

बोलणं रेकॉर्ड करा. मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून घडी घातलेल्या पंच्यावर, आजीपासून हातभर अंतरावर ठेवायचा. पंखा बंद, आणि बसायचं माजघरात. ओटीवर समुद्राचा वारा माइकवर आपटतो आणि मागाहून नुसती घरघर ऐकू येते. सकाळची पेज झाली की अर्धा-पाऊण तास बसा. त्यापुढे ताणलं तर नावं एकमेकांत मिसळायला लागतात. मागच्या रांगेपासून सुरुवात करून डावीकडून उजवीकडे, आपण मोठ्याने आकडा बोलत जायचं, "मागची रांग, तिसरा". हे केलं नाही तर रेकॉर्डिंगमध्ये उरतं ते फक्त "ह्यो नाय गो, त्याच्या बाजूचो". ते ऐकायला गोड असतं, पण उपयोग शून्य.

कोकणात आणखी एक अडचण ठरलेली. दादा, भाई, अण्णा, आक्का, बाय या नावांनी अर्धं खानदान ओळखलं जातं आणि प्रत्येक पिढीत एकेक भाई असतोच. त्यामुळे खरं नाव विचारा, आणि बायकांचं माहेरचं नाव आणि गावही विचारा. लग्नात नाव बदललेलं असतं, म्हणून एकच बाई दोन फोटोंत दोन नावांनी सापडते.

साल मात्र विचारू नका. सांगितलंच तर ते बहुधा अंदाजपंचे असतं. त्याऐवजी घटना विचारा. रामदास बोट बुडाली त्याच्या (१७ जुलै १९४७) आधीचा की नंतरचा? कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) झाला तेव्हा हे मूल चालत होतं का? आजोबा तेव्हा गिरणीत होते, की संप (१८ जानेवारी १९८२) सुरू झाला होता? कोकण रेल्वे (१९९८) आली होती, की एसटीनेच येत होता? घरात वीज होती का? दोन घटनांच्या मध्ये फोटो बसला की साल पाच-सात वर्षांच्या आत येतं. फोटोही थोडं सांगतो. चौकोनी, छोटा, कृष्णधवल फोटो असेल तर तो बऱ्याचदा आग्फा क्लिक थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्याचा, ज्यात एका रोलवर ६ × ६ सेंटिमीटरचे १२ फोटो यायचे. मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर गावही कळतं. कोपऱ्यातल्या नारिंगी तारखेवर मात्र डोळे मिटून विश्वास नको, कारण सेल बदलल्यावर ती तारीख पुन्हा लावायची कुणाला आठवण नसे.

नावं लिहायची कुठे? जुना कागदी फोटो असेल तर पाठीवर कडेला, मऊ पेन्सिलीने, कडक पृष्ठावर पालथा ठेवून आणि जोर न देता. बॉलपेनचा वळ पुढून उमटतो आणि शाई दमट हवेत पसरते. रंगीत फोटोची पाठ प्लास्टिकची असते, तिच्यावर पेन्सिल उठत नाही. तिथे पाकिटावर लिहा, आणि फोटो पाकिटात घालायच्या आधी लिहा.

आता प्रती. हे काम पावसाळ्यात नको. फोटोवरचा थर जिलेटिनचा असतो. दमट हवेत तो फुगतो, चिकट होतो आणि काचेला किंवा समोरच्या फोटोला धरून बसतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा त्यातल्या त्यात कोरडी असते, तेव्हा फोटो सपाट राहतात. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढायचा प्रयत्न कधीच करू नये, कारण चेहरा काचेवर राहतो आणि हातात कागद येतो. वाफ देणं, पाण्यात बुडवणं हे घरगुती उपाय हाताने रंगवलेल्या फोटोवर तर अजिबात नकोत, रंग वाहून जातात. काचेसकटच प्रत काढायची.

स्कॅनर असेल तर पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय (एका इंचात तेवढे ठिपके) पुरे, पासपोर्ट आकाराला १२००, आणि ३५ मि.मी.च्या निगेटिव्हला २४०० ते ३२००. कृष्णधवल फोटोही रंगीत मोडवर स्कॅन करा, डाग काढायला पुढे तेच उपयोगी पडतं. मूळ फाइल टिफमध्ये (दर्जा न घटवणाऱ्या फाइल-प्रकारात) ठेवा. ४ × ६ इंचांचा फोटो ६०० डीपीआयला साधारण २६ एमबी होतो, त्याचं दडपण घेऊ नका.

गावी स्कॅनर नसतो, कॅमेरा असतो, आणि त्याने काम उत्तम होतं. फोटो जमिनीवर सपाट ठेवा, कॅमेरा तिवईवर (ट्रायपॉडवर) उलटा खाली बघणारा, दोन्ही बाजूंनी एकसारखे दोन दिवे ४५ अंशांत. लेन्सचं छिद्र एफ ८, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १००, दोन सेकंदांचा टायमर. कॅमेरा फोटोला समांतर आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. फोटोच्या जागी छोटा आरसा ठेवा आणि त्यात लेन्सचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोब्बर मधोमध येईपर्यंत कॅमेरा हलवा. काच असेल तर तिच्यात कॅमेरा आणि छत दिसतं, त्यावर उपाय म्हणजे काळं कापड. त्याला लेन्सएवढं भोक पाडून कॅमेऱ्यासमोर धरायचं. घरातली ट्यूब बंद. मोबाइलवर करत असाल तर अगदी जवळ जाऊ नका, कडा फुगतात. थोडं मागे सरकून २एक्स लेन्स वापरा.

भिजलेल्या फोटोंचं वेगळं. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात घराघरांतून पाणी शिरलं, अल्बमही त्यात गेले. असा ओला अल्बम तसाच उन्हात उघडून ठेवला की पानं एकमेकांना कायमची चिकटतात. सुकण्याआधीच फोटो सुटे करायला हवेत, तेही पहिल्या दोन दिवसांत. घमेल्यात स्वच्छ थंड पाणी घ्या, फोटो त्यात राहू द्या, आपोआप सुटतील तसे काढा, चेहऱ्याच्या बाजूला बोट न लावता चिखल हलवून घालवा आणि सावलीत, स्वच्छ सुती कापडावर, चेहरा वर करून सुकवा. फोटो खूप असतील आणि हात कमी, तर फोटोंमध्ये मेणकागद घालून थेट फ्रीझरमध्ये. मग सवडीने, थोडे थोडे.

नव्या फोटोंकडे वळू. आजीची खरी जागा मागच्या दारी. तिथला उजेडही ओटीपेक्षा चांगला असतो. मागची पडवी खाली उतरलेली असते, त्यामुळे ऊन थेट येत नाही आणि अंगणातून परतलेला उजेड आत शिरतो. पण त्या उजेडाला रंग असतो. जांभ्याच्या भिंतीवरून आणि मातीच्या अंगणातून येतो तो तांबडा, नारळी-पोफळींतून गाळून येतो तो हिरवा. हिरवा रंग म्हाताऱ्या कातडीवर वाईट दिसतो, माणूस आजारी वाटतं. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगाची जुळणी) ऑटोवर न ठेवता आजी बसली आहे तिथेच पांढऱ्या पंच्याचं टोक धरून तो ठरवून घ्या.

तांदूळ निवडणं हे फोटोसाठी सगळ्यात सोपं आणि सगळ्यात दुर्लक्षित काम. आजी दाराकडे अर्धवट तोंड करून बसते, सूप मांडीवर, मान खाली. खाली घातलेल्या मानेमुळे एरवी डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो, पण सुपातले पांढरे तांदूळ उजेड वर फेकतात आणि चेहरा खालून हलकेच उजळतो. उजेड परतवणारा विकतचा रिफ्लेक्टर समोर धरला की आजी त्याच्याकडेच बघत बसते. सुपाकडे मात्र ती आपोआप बघते. बोटं खडा वेचायला थांबतात तो क्षण शटर १/१२५ सेकंदाला ठेवलं की स्वच्छ येतो. विळीवर नारळ खवताना मात्र १/२५० हवं. त्याहून कमी ठेवलं तर हात पुसट येतो आणि खोबऱ्याचा कीस दिसतच नाही. आयएसओ १६०० किंवा ३२०० झाला तरी चालेल. दाणेदार फोटो बघवतो, हललेला बघवत नाही. मोबाइलचा नाइट मोड अशा वेळी बंद ठेवा, तो अनेक चौकटी एकावर एक चढवतो आणि हलत्या हाताला सहा बोटं येतात.

चुलीपुढे उलट अडचण. मागे सगळा काळोख असल्यामुळे कॅमेरा चित्र उजळवतो आणि पांढरे केस जळून जातात. एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) −१ वर आणा. तेच पांढऱ्या लुगड्यातली आजी चौकट भरून असेल तर कॅमेरा फसून चेहरा काळा करतो, तिथे +२/३. धूर फोटोत यायला हवा असेल तर दार धुराच्या मागे आलं पाहिजे, तुमच्या पाठीमागे नाही. काचेच्या कौलातून दुपारी जो कवडसा पडतो त्यात आजीला बसवू नका. अर्धा चेहरा पांढराफटक, अर्धा काळा होतो. कवडशाच्या हातभर बाजूला बसवा.

आणि कॅमेरा तिच्या उंचीवर आणा. आजी पाटावर असेल तर तुम्हीही पाटावर. उभं राहून काढलेल्या फोटोत कपाळ मोठं, हनुवटी गायब, आणि माणूस उगाच केविलवाणं दिसतं. ५० मि.मी.ची लेन्स पुरते, लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३५. कामाच्या लुगड्यातला फोटो तिला आवडला नाही तर तो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नये. हा हक्क तिचा.

कामं ऋतूंप्रमाणे येतात, फोटोसाठी मुद्दाम मांडू नका. रातांब्याची सालं रसात बुडवून उन्हात घालायचं चक्र एप्रिल-मेमध्ये काही दिवस चालतं. रोज त्याच जागेवरून एकेक फोटो घेतला तर लालभडक साल काळपट होत आमसूल कसं होतं ते दिसतं. फणसपोळी त्याच सुमारास, मोदकाच्या कळ्या गणपतीत. कळ्या पाडणाऱ्या बोटांवर फोकस धरा, मोदकावर नको.

आजी-आजोबांना त्यांच्या जुन्या वाटांवर न्यायचं असेल तर खाडीवरच्या फेरीबोटी सोयीच्या. दाभोळ–धोपावे वाशिष्ठीवर, वेसवी–बागमांडला सावित्रीवर, तवसाळ–जयगड शास्त्रीवर. गाडी बोटीतच चढते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसाला उतरावं लागत नाही. गाडीची खिडकी पश्चिमेला येईल अशी बाजू पकडा आणि चार-साडेचारनंतरची फेरी घ्या. एसी गाडीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला की लेन्सवर बाष्प धरतं. उतरण्याआधी अर्धा तास एसी बंद करा किंवा कॅमेरा बंद पिशवीतच राहू द्या.

परत आल्यावर खारा वारा लागलेला कॅमेरा आधी किंचित ओल्या, मग कोरड्या कापडाने पुसा. पावसाळाभर गावच्या कपाटात लेन्स ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. आर्द्रता ४० ते ५० टक्के हवी, आणि जून ते सप्टेंबरात कोकणात ती आपोआप कधीच नसते. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक एवढ्यावर भागतं. जेलचे नारिंगी दाणे रंग बदलून हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११०–१२० अंशांवर दोन तास तापवा, पुन्हा वापरता येतात. लेन्स चामड्याच्या पिशवीत ठेवू नका, चामडं ओल धरतं.

शेवटी तसबीर. आजीला पेनड्राइव्ह देऊन उपयोग नाही, छापील फोटो द्या, ८ × १० इंच, मॅट कागदावर. घरच्या साध्या इंकजेटची शाई दमट हवेत पसरते, लॅबमधूनच छापून घ्या. फोटो आणि काच यांच्यात जाड कार्डाची चौकट घालून २–३ मि.मी. जागा सोडायला सांगा. फ्रेमवाला "गरज नाही" म्हणेल, तरी सांगा. पाठीमागे वर्तमानपत्र घालू देऊ नका, कसर तिथूनच सुरू होते. पश्चिमेच्या चिऱ्याच्या भिंतीवर न टांगता माजघरातल्या आतल्या भिंतीवर टांगा आणि मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांमधून हवा खेळते. काच पुसताना पाणी काचेवर न मारता कापडावर घ्या, नाहीतर ते खालच्या पट्टीतून आत झिरपतं.