मुंबई–जव्हार, भर पावसात: मोटरहोमच्या डिकीत पाणी खालून येतं

पावसाळ्यात मोटरहोम घेऊन मुंबईबाहेर पडणार असाल तर निघण्याआधी डिक्यांची खालची बाजू बघून घ्या. छताकडे नंतर बघा. मला सगळ्यांनी नेमकं उलटं सांगितलं. गाडी बांधून देणारा बॉडी बिल्डर म्हणाला, पाणी आलंच तर छताच्या सांध्यातून येईल. उपनगरातल्या एका गॅरेजने तेच पटवून ‘मान्सून वॉटरप्रूफिंग’ या नावाखाली १८,००० रुपये घेतले. परदेशातले व्हिडिओ बघा, त्यांतही छत, खिडक्या आणि पुन्हा छत. आमचं छत शेवटपर्यंत कोरडं राहिलं आणि डाव्या बाजूच्या मागच्या डिकीत घोटाभर गढूळ पाणी साठलं.

गाडी टेम्पो ट्रॅव्हलरच्या चेसिसवर बांधलेली आहे. डाव्या मागच्या चाकाच्या मागे सामानाची लांब डिकी, उजवीकडे बॅटरी आणि इन्व्हर्टर, त्याच्या पुढे गॅस सिलिंडरची वेगळी डिकी आणि पाठीमागे हत्यारं व पाण्याचा पाइप. तुमची मांडणी साधारण अशी असेल तर पुढचं सगळं तुम्हाला लागू पडेल.

दहिसर नाक्यापर्यंत नेहमीचा खोळंबा. घोडबंदरजवळचा, वसई खाडीवरचा वर्सोव्याचा पूल ओलांडला की खरा त्रास सुरू होतो. ससूनवघर, मालजीपाडा, चिंचोटी, पुढे वसई फाट्यापर्यंत. या मुंबई–अहमदाबाद महामार्गावर डांबरावर काँक्रीटचा थर चढवलाय. जिथे काँक्रीटची पातळी वर आणि कडेची पट्टी खाली राहिलीय, तिथे डावीकडे पाण्याची लांबच लांब पन्हळ तयार होते. उजवीकडून गुजरातच्या दिशेने कंटेनरचे ट्रेलर जात असतात, त्यामुळे जड गाडीला डावी लेन सोडता येत नाही. म्हणजे डावं मागचं चाक सतत त्या पाण्यात. चाक पाणी उचलतं आणि मागे, वर, जोरात फेकतं. आकाशातून पडणारा पाऊस पत्र्यावरून ओघळून जातो, पण चाकाने मारलेलं पाणी चिखल आणि बारीक खडीसकट डिकीच्या तळावर, चाकाच्या कमानीच्या सांध्यावर आणि झाकणाच्या खालच्या कडेवर आदळतं. पावसाचा विचार करून लावलेलं सील या माऱ्यापुढे टिकत नाही. हा पट्टा पार करायला आम्हाला दोन तासांच्या वर लागले आणि तेवढा वेळ डिकी खालून झोडपली जात होती.

मनोरला महामार्ग सोडला. विक्रमगडवरून जव्हारचा रस्ता बरा आहे, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. जव्हार सुंदर आहे, दाभोसा धबधबा बघाच.

जव्हारला पोचल्यावर डिकी उघडली तेव्हा पाणी उंबऱ्यावरून पायावर आलं. तंबू, घडीच्या खुर्च्या, मुलांचे बूट, एक्स्टेंशन बोर्ड सगळं त्या लाल चिखलात. तळाचं प्लाय कडेने फुगायला लागलं होतं. बॉडी बिल्डरने ‘मरीन’ म्हणून पैसे घेतले होते. मरीन प्लायवर आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असतो. आमच्या तळावर शिक्का नव्हताच. गाडी बांधून घेत असाल तर प्लाय कापण्याआधी जाऊन शिक्का डोळ्यांनी बघा आणि फोटो काढून ठेवा.

पण माझा खरा संताप त्या गॅरेजवर आहे. जव्हारमधला एक मेकॅनिक गाडीखाली गेला, टॉर्चच्या उजेडात बघितलं आणि बाहेर येऊन विचारलं, "ताई, ही भोकं कोणी बुजवली?" डिकीच्या तळाला सगळ्यात खालच्या कोपऱ्यात पाणी निघून जायला भोकं ठेवलेली असतात. गॅरेजने ‘वॉटरप्रूफिंग’ करताना ती सगळी सिलिकॉनने लिंपून टाकली होती. पाणी फटींतून आत येत राहिलं आणि बाहेर जायची वाट बंद. त्याने स्क्रूड्रायव्हरने ती भोकं मोकळी केली, दहा मिनिटांत डिकी रिकामी झाली. पैसे घेत नव्हता, बळेच दोनशे रुपये दिले.

आणि त्याने दुसरं जे दाखवलं ते बघून माझ्या पोटात गोळा आला. गॅसच्या डिकीच्या तळाची जाळीही त्यांनी सिलिकॉनने बंद केली होती. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली बसतो आणि तळाच्या जाळीतूनच बाहेर पडतो. ती जाळी बंद असेल तर डिकीत गॅस साठत जातो आणि एक ठिणगी पुरते. त्या अवस्थेत आम्ही दहिसरपासून जव्हारपर्यंत मुलांना घेऊन आलो. म्हणून सांगते, पाणी आलं तरी चालेल, गॅसच्या डिकीचा तळ कधीही, कोणालाही बंद करू देऊ नका. सील करायचं ते गॅसची डिकी आणि राहायची जागा यांच्यामधल्या भिंतीला. गॅरेजमधून गाडी ताब्यात घेताना पहिल्यांदा खाली वाकून ही जाळी बघा, मग बिल द्या.

मुंबईला परतल्यावर मी त्या गॅरेजकडे पुन्हा गेले नाही. काम आम्ही स्वतः करायचं ठरवलं आणि आधी पाणी कुठून येतं ते शोधलं. डिक्या रिकाम्या करून पुसून कोरड्या केल्या. तळाला आणि भिंतींना वर्तमानपत्राचे कागद चिकटपट्टीने लावले. माझा दीर टॉर्च घेऊन गाडीत, आतून डिकीत उघडणाऱ्या दारापाशी बसला आणि नवऱ्याने बाहेरून साध्या पाइपने पाणी मारलं. सुरुवात तळापासून करायची आणि हळूहळू वर जायचं. वरून सुरू केलंत तर ओघळ सगळीकडे पसरतो आणि नेमकी फट कळत नाही. प्रत्येक जागी चार-पाच मिनिटं थांबा. सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशर गन चाकाच्या कमानीवर मारायला उपयोगी आहे, पण झाकणाच्या रबरावर जवळून मारू नका. एवढ्या दाबाने चांगल्या रबरातूनही पाणी जातं आणि उगाच चुकीचा निष्कर्ष निघतो. ओल नुसत्या दमटपणाची आहे का, हेही बघा. एसी चालू ठेवून झोपलात तर राहायच्या जागेला लागून असलेल्या थंड पत्र्याला डिकीच्या बाजूने दव धरतं. ते स्वच्छ असतं, सगळ्या पत्र्यावर सारखं पसरलेलं. गळतीच्या पाण्याला चिखलाचा माग असतो आणि तो माग फटीपर्यंत घेऊन जातो.

आमच्याकडे पाणी तीन ठिकाणांहून येत होतं. पहिलं आणि सगळ्यात मोठं ठिकाण म्हणजे चाकाची कमान आणि डिकीचा तळ यांचा सांधा. तिथे बिल्डरने सिलिकॉनची एक बारीक रेघ मारली होती आणि ती गाडीच्या हादऱ्यांनी सुटली होती. दुसरं, चेसिसमधून येणाऱ्या वायरींचं भोक. तिसरं, झाकणाची खालची कड.

सांध्याबद्दल माझं मत ठाम आहे: सिलिकॉन नको. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन पत्र्याला गंजवतं. शिवाय जुन्या सिलिकॉनवर दुसरं काही धड चिकटत नाही, नवीन सिलिकॉनसुद्धा नाही. आमचा निम्मा वेळ जुनं खरवडण्यात गेला. ब्लेडने खरवडा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, सुकू द्या आणि पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा. ते लवचिक राहतं, हादरे सोसतं. उन्हात ते खराब होतं, पण गाडीच्या पोटाखाली ऊन लागत नाही. हवेतल्या दमटपणावरच ते घट्ट होत असल्यामुळे मुंबईची हवा त्याला मानवते. पत्रा मात्र पूर्ण कोरडा हवा. दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर जाडीच आतपर्यंत पक्की होते, त्यामुळे जाड थर मारून दुसऱ्या दिवशी गाडी काढू नका. वायरच्या भोकात ग्रोमेट, म्हणजे रबरी कडं घाला, भोवती सीलंट भरा आणि वायर आत शिरण्याआधी तिला खाली एक झोका द्या, म्हणजे वायरवरून येणारं पाणी तिथूनच ठिबकून जातं.

झाकणाचं रबर तपासायला दहा रुपयांची नोट पुरते. नोट अर्धी आत ठेवून झाकण बंद करा, कुलूप लावा आणि ओढा. अडली पाहिजे. सहज निसटली तर तिथे रबर दबत नाही. सगळ्या कडेने, वीतभर अंतरावर करा. आमच्याकडे वर आणि बाजूंना नोट अडत होती, खाली मधोमध सुळकन निघत होती, कारण कुलूप दोन्ही टोकांना आणि मधे झाकण बाहेर फुगलेलं. कुलपाची जीभ किंचित आत वाकवली तर झाकण घट्ट ओढलं जातं. लांब झाकणाला मधे एक जास्तीचं कुलूप लावून घ्या, दुसरा उपाय नाही.

रबरासाठी नागदेवी स्ट्रीटला गेलो. मस्जिद बंदर स्टेशनला उतरून चालत जा, गाडी नेऊ नका. इथे दुकानाच्या बाहेर अंदाज घेतल्याशिवाय भाव मान्य करू नका. पहिल्या दुकानात पोकळ ईपीडीएम बीडिंग, म्हणजे ऊन-पाऊस सोसणाऱ्या रबराची पट्टी, ३२० रुपये मीटर सांगितलं. चार दुकानं पुढे एका चाचांनी तेच १४० ला दिलं आणि वर कसं लावायचं ते सांगितलं. पत्र्याच्या कडेवर दाबून बसणारं, आत लोखंडी पकड असलेलं घ्या. मागे गोंद लावलेलं पहिल्या पावसाळ्यात लोंबायला लागतं. हार्डवेअरच्या दुकानातली दाराला लावायची स्पंजची पट्टी तर अजिबात नको. ती पाणी पिऊन फुगते आणि सुकतच नाही. पोकळ रबर काटकोनात वळवलं की चपटं होतं आणि त्या कोपऱ्यातून पाणी शिरतं. म्हणून कोपरा गोलसर ठेवा किंवा तिरपं कापून चिकटवा. दोन टोकांचा सांधा खालच्या कडेला घ्या. रबराला ग्रीस, व्हॅसलीन किंवा तेल लावू नका, ईपीडीएम त्याने सुजतं. सिलिकॉन स्प्रे किंवा साधी टाल्कम पावडर चालते.

तळाची भोकं मोकळी ठेवलीच, पण चाकाचं पाणी तिथूनही उलटं वर चढतं. त्यावर चोचीसारखं तोंड असलेली रबरी झडप बसवली, तोंड गाडीच्या मागच्या दिशेला. आतलं पाणी बाहेर पडतं, बाहेरचं आत येत नाही. मागच्या चाकांना रुंद आणि खालपर्यंत येणारे मडफ्लॅप लावले. सगळ्या खर्चात हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त उपयोगाचा. ट्रक बॉडीच्या दुकानात मिळतात, मोटरहोमच्या ‘ॲक्सेसरीज’वाल्याकडे त्यासाठी जाऊ नका, तिथे तिप्पट भाव आहे.

एक गोष्ट कोणीच सांगत नाही. पावसात गाडी चालवताना छतावरचा एक्झॉस्ट फॅन बंद ठेवा. तो आतली हवा बाहेर फेकतो, मग बाहेरची हवा मिळेल त्या फटीतून आत ओढली जाते. ती फट चाकाच्या फवाऱ्यासमोर असेल तर हवेबरोबर पाणीही येतं.

सगळं झाल्यावर आम्ही मुद्दाम त्याच रस्त्याने, पहिल्यापेक्षा जास्त पावसात पुन्हा गेलो. मालजीपाड्याला ट्रेलरने उडवलेल्या पाण्याने काचेवर काही सेकंद काहीच दिसेना. मनोरला टपरीपाशी गाडी थांबवून भर पावसात मी डाव्या डिकीचं झाकण उघडलं. आत पुन्हा लावलेले वर्तमानपत्राचे कागद कोरडे होते. एका कोपऱ्यात अंगठ्याएवढा डाग, बस. मी तिथे रस्त्याच्या कडेला ओरडले, नवरा धावत आला. त्या आनंदात असल्यामुळे म्हणत असेन कदाचित, पण जव्हारला पावसाळ्यातच जा.

सामान तरीही थेट तळावर ठेवू नका, जाळीच्या मॅटवर प्लास्टिकचे क्रेट ठेवा. बॅटरी तळापासून चार बोटं उंच बसवा. उलट्या दिशेच्या गाड्यांची लाट अंगावर येईल अशा जागी वेग चाळीसच्या खाली आणा. ससूनवघर आणि मालजीपाड्यापाशी रस्त्यावर पाणी साचतं. ते चाकाच्या मधल्या गोलापर्यंत आलेलं दिसलं तर पुढे घालू नका. तेवढ्या पाण्यात डिकी बुडते आणि मी सांगितलेलं एकही सील त्यासाठी नाही. वर्सोव्याचा पूल ओलांडण्याआधीच, फाउंटन हॉटेलच्या आसपास गाडी बाजूला घ्या, समोरून येणाऱ्या एखाद्या ट्रकवाल्याला पाणी किती आहे ते विचारा आणि जास्त असेल तर ओसरेपर्यंत तिथेच थांबा.