देवकुंड : सपाट वाट ओढ्यापाशी संपते

देवकुंड धबधब्याच्या वाटेला ‘सहकुटुंब जाण्याजोगी सोपी वाट’ म्हणणाऱ्यांना बहुधा तिचा पहिला भागच आठवत असावा. रायगड जिल्ह्यातील भिऱ्याहून निघून जलाशयाच्या काठाने जाणारा तो भाग सपाट आहे आणि त्याविषयी अधिक सांगण्यासारखे काही नाही. सावली मात्र जवळजवळ नाही, आणि २०१७च्या मार्चमध्ये ४६.५ अंश तापमान नोंदले गेले ते याच भिऱ्यात, हे पाण्याच्या बाटल्या भरताना ध्यानात ठेवावे.

खरी परीक्षा जंगलात शिरल्यावर होते. ओढा ओलांडताना पायाखालचे गोटे शेवाळलेले असतात, आणि त्यानंतर कुंडापर्यंत लहानमोठ्या धोंड्यांवरून तोल सावरत चढावे लागते. या टप्प्याने माझ्या गुडघ्यांची जी अवस्था केली, तिला मी अजून क्षमा केलेली नाही. झिजलेल्या तळव्यांचे बूट घालून येणाऱ्याने जलाशयापाशीच थांबावे. खालच्या जलाशयात मुळशीचे पाणी वीजनिर्मितीनंतर सोडले जाते आणि त्याला काही वेळापत्रक असते. ओढा मात्र घाटमाथ्यावरच्या पावसाने फुगतो, आणि खाली ऊन असतानाही परतीची वाट बंद होऊ शकते. पावसाळ्यात प्रशासन येथे बंदीचे आदेश काढत आले आहे ते याच कारणाने, त्यामुळे बंदी चुकवून जाण्यात कसलाही पुरुषार्थ नाही. ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर हाच काळ योग्य, तोही शनिवार-रविवार वगळून.

वाटाड्या घ्यावाच, पण पैसे माणशी की संपूर्ण गटाचे, जाऊन-येऊन की नुसते जाण्याचे, हे पाऊल टाकण्यापूर्वी चारचौघांसमोर ठरवून घ्यावे. आम्हाला निघताना सांगितलेला गटाचा दर परतल्यावर माणशी झाला, वाहन उभे करण्याचे पैसे दोनदा मागितले गेले, आणि दमलेल्या माणसाच्या अंगात हुज्जत घालण्याचे त्राण नसते हे मागणाऱ्यास पक्के ठाऊक होते.

धबधबा पाहून हा सारा संताप तासभर विसरायला होतो, एवढे कबूल करावे लागेल. तरीही कुंडात उतरू नये. पाणी खोल व गार आहे आणि पट्टीचे पोहणारेही येथे बुडाले आहेत. दुपारी एकपर्यंत परतीला लागावे, म्हणजे ओढा भरपूर उजेडात ओलांडता येतो, आणि जेवण सकाळीच गावात सांगून ठेवावे, कारण आयत्या वेळी भाकरी मिळत नाही.