दोन नारळ

आज म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बाबांनी दोन नारळांची पिशवी मध्येच खाली ठेवली. मला वाटलं दम लागला. तर म्हणाले, "दम नाय गो, पायच ऐकत नाहीत."

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय कमजोर, एवढंच धरून आम्ही वर्षभर त्यांना खुर्चीतून उठू दिलं नाही. संध्याकाळी डॉक्टरना विचारलं तर म्हणाल्या, या आजारात हातापायांचे स्नायूही बदलतात, सहज न दमणारे तंतू कमी होतात, पेशीतले ऊर्जा बनवणारे मायटोकॉन्ड्रिया मंदावतात, स्नायू झिजतात आणि बसून राहिलं की अजूनच. तब्येत स्थिर असेल तर देखरेखीखालच्या व्यायामाने सुधारतंही.

आणि आम्ही पाणीसुद्धा हातात नेऊन देत होतो!

पिशवी शेवटी त्यांनीच उचलली, मी नुसती बाजूने चालले. तुमच्याकडे कोणी असं बसवून ठेवलंय का?