सांधा आधी, स्नायू मागाहून

सोमवार

माणसाच्या अंगात २०६ हाडे असतात हे शाळेपासून पाठ आहे; पण त्यांपैकी १०६, म्हणजे निम्म्याहून अधिक, केवळ हातांच्या पंजांत आणि पावलांत असतात हे आज वर्गात कळले. मनगटासकट एका पंजात २७ आणि एका पावलात २६. याउलट दंडात एकच हाड आणि मांडीतही एकच. जिथे भार पेलायचा आणि जोर लावायचा तिथे एक जाड हाड, आणि जिथे बारीक काम करायचे किंवा खडबडीत जमिनीशी जुळवून घ्यायचे तिथे लहान हाडांची दाटी, अशी ही वाटणी आहे. ती ध्यानात आल्यावर आकड्याला काही अर्थ आला.

आमच्या योगशिक्षक अभ्यासक्रमात शरीररचना हा सक्तीचा विषय आहे आणि तो शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट मॅडम येतात. वर्गात बहुतेक जण पन्नाशीच्या पुढचे, कोणी बँकेतून निवृत्त झालेले, कोणी शाळेत गणित शिकवणारे. दहावीनंतर जीवशास्त्राशी कोणाचाच संबंध आलेला नाही. त्यामुळे प्रश्न फार मूलभूत येतात आणि उत्तरेही त्याच पातळीवर येतात, हा मला फायदाच वाटतो.

एका सहाध्यायींनी चरकसंहितेतला ३६० आणि सुश्रुतसंहितेतला ३०० असे हाडांचे दोन आकडे आणले आणि त्यावर बराच वेळ गेला. कोणता आकडा खरा हे ठरवण्याआधी कोणी काय मोजले ते पाहावे लागते. चरकांच्या गणनेत दात आणि नखेही धरलेली आहेत. सुश्रुतांनी दात धरले आहेत आणि आज आपण ज्यांना कूर्चा म्हणतो असे काही लवचीक, हाडापेक्षा मऊ भागही धरले आहेत. शिवाय हा आकडा वयावरही अवलंबून असतो. नवजात बाळाच्या शरीरात २७० ते ३०० भाग वेगवेगळे मोजता येतात आणि ते पुढे एकमेकांना जुळत जातात. कमरेखालची त्रिकास्थी पाच मणक्यांची मिळून बनते, तर कॉलर बोनचे छातीकडचे टोक पूर्ण जुळायला विशी उलटावी लागते. सुश्रुतांची पद्धत मात्र मला आकड्यापेक्षा मोलाची वाटली: मृतदेह मुंज गवतासारख्या वेष्टनात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, संथ वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावा आणि मग वाळा, केस किंवा बांबू यांच्या कुंच्याने हलकेच घासत त्वचेपासून आतपर्यंत एकेक थर डोळ्यांनी पाहावा.

आमच्यासमोर येतात ती हाडे फायबरची आहेत. पूर्वी सर्रास खरी वापरत. १९८५ मध्ये सरकारने बंदी घालेपर्यंत जगभरातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना मानवी सांगाडे पुरवणारा भारत हा एक मोठा देश होता आणि त्या व्यापाराचे मुख्य केंद्र कलकत्ता होते. ते सांगाडे कोणाच्या घरचे असतील हे मनात आले की फायबरच बरे वाटते.

बुधवार

पाठ्यपुस्तकात प्रत्येक स्नायूपुढे चार रकाने असतात: ओरिजिन (स्नायू कुठून निघतो), इन्सर्शन (कुठे संपतो), नर्व्ह (त्याला चालवणारी नस) आणि अॅक्शन (तो काय हालचाल करतो). परीक्षेला बसणारी मुले हे चारही रकाने घोकतात. मॅडमनी आम्हाला चौथा रकाना झाकून ठेवायला सांगितला. स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. ज्या सांध्यावरून तो जातो त्यालाच तो थेट हलवतो. आणि सांध्याच्या पुढून जातो, मागून जातो की तिरका जातो, यावरून हालचाल कोणती होईल ते ठरते. एवढे हाताशी असेल तर पहिल्या दोन रकान्यांवरून चौथा काढता येतो, पाठ करावा लागत नाही. मला हा विषय इथून आवडायला लागला.

उदाहरण म्हणून बायसेप्स घेतला. तो दंडावर दिसतो, पण दंडाच्या हाडाला कुठेच चिकटलेला नसतो. त्याची वरची दोन्ही टोके खांद्याच्या पात्यावर असतात आणि खालचे टोक कोपर ओलांडून रेडियसवर, म्हणजे अंगठ्याच्या बाजूच्या हाडावर जाते. म्हणजे तो खांदा आणि कोपर या दोन्ही सांध्यांवरून जातो आणि ज्या हाडावर संपतो ते हाड स्वतःभोवती फिरणारे आहे. त्यामुळे कोपर वाकवण्याबरोबरच तळहात वर वळवणे हेही त्याचे काम ठरते. कोपर काटकोनात वाकवून दुसऱ्या हाताने दंड धरावा आणि तळहात एकदा खाली, एकदा वर करावा. तळहात वर येताच बोटांखाली स्नायू टणक होऊन वर उचललेला कळतो. उजव्या हाताने स्क्रू घट्ट बसवताना हाच स्नायू दमतो. कोपर वाकवण्याचे मुख्य काम मात्र त्याच्या खाली दडलेला ब्रेकिअॅलिस करतो. तो दंडाच्या हाडाच्या पुढच्या खालच्या भागापासून निघून अल्नावर, म्हणजे करंगळीच्या बाजूच्या हाडावर संपतो. अल्ना फिरत नाही, म्हणून तळहात कसाही असला तरी ब्रेकिअॅलिसचा जोर कमी होत नाही. व्यायामशाळेत सगळे कौतुक बायसेप्सच्या वाट्याला येते, हा त्या बिचाऱ्यावर अन्यायच आहे.

अल्ना फिरत नाही हे हात लावून पाहता येते. कोपराचे जे टोक टेबलावर टेकते ते अल्नाचेच. तिथून करंगळीच्या बाजूने मनगटापर्यंत या हाडाची कड त्वचेखाली लागते. एक बोट कोपराजवळ या कडेवर ठेवून तळहात वर-खाली केला तर बोटाखालचे हाड जवळपास जागच्या जागी राहते आणि अंगठ्याच्या बाजूचे हाड त्याला ओलांडून पलीकडे जाते. तळहात वर असताना दोन्ही हाडे समांतर असतात, खाली केला की त्यांची फुली होते. इतकी वर्षे पोळ्या लाटल्या, कुलपे उघडली, आणि हे आत चालले होते याची दादही नव्हती.

बोटांचे तर आणखी नवल. बोटांमध्ये मांसल स्नायू नसतातच. बारीक कामाचे काही स्नायू तळहातात असतात, पण मुठीला जोर देणारे सारे कोपराखाली, हाताच्या मांसल भागात असतात आणि त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, मनगटातून पुढे बोटांपर्यंत येतात. मनगटाच्या पुढच्या बाजूला हाडे आणि जाड पट्टा यांच्यामधल्या एका अरुंद वाटेतून अशा नऊ कंडरा आणि एक नस (मज्जातंतू) जाते; तिथे सूज आली की कंडरांपेक्षा नसच आधी तक्रार करते आणि अंगठा व शेजारच्या बोटांना मुंग्या येतात. मधले बोट दुमडून तळहात टेबलावर ठेवला आणि अनामिका उचलू पाहिली तर ती उठत नाही, ही गंमत लहानपणी सगळ्यांनी केलेली असते. कारण पंजाच्या मागच्या बाजूला बोटे सरळ करणाऱ्या कंडरा आडव्या पट्ट्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. तर्जनी आणि करंगळीला आपापला एक जादा स्नायू मिळालेला आहे, अनामिकेला नाही. पेटी शिकणाऱ्या मुलांची अनामिका रेंगाळते म्हणून त्यांना रागावणाऱ्यांनी हे एकदा पाहावे.

अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट किंचित वाकवले की मध्यभागी एक बारीक दोरी उठून दिसते. ती पाल्मारिस लाँगस या स्नायूची कंडरा. माझ्या उजव्या हातात ती आहे, डाव्यात नाही. पुस्तके साधारण १५ टक्के लोकांत ती नसते असे सांगतात आणि निरनिराळ्या लोकसमूहांत हे प्रमाण बरेच बदलते. नसल्याने काही अडत नाही. उलट दुसरीकडची कंडरा तुटली तर शल्यचिकित्सक हीच काढून तिथे जोडतात.

शुक्रवार

आज खांदा. शाळेत खुबा आणि खांदा दोन्ही ‘उखळीचे सांधे’ म्हणून एकाच ओळीत शिकवले होते, पण हाडे हातात घेतल्यावर दोघांत फार थोडे साम्य दिसते. खुब्याची वाटी खोल आहे आणि मांडीच्या हाडाचा गोल तिच्यात रुतून बसतो. खांद्यात उथळ बशीवर लिंबू ठेवावे तसा दंडाच्या हाडाचा गोल पात्याच्या कडेला टेकलेला असतो. तो तिथे टिकतो तो मुख्यतः चार लहान स्नायूंमुळे, ज्यांना एकत्रितपणे रोटेटर कफ म्हणतात: सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलारिस. हात कुठेही जावो, हे चौघे गोलाला वाटीकडे ओढून धरतात. खांदा सर्व दिशांना फिरतो आणि निखळतोही सहज, या दोन्हींचे कारण एकच.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खांद्याच्या पात्याचा फासळ्यांशी हाडाचा सांधाच नाही. ते पाठीवर स्नायूंच्या थरात तरंगते आणि सबंध हात धडाला हाडाने जोडलेला आहे तो फक्त कॉलर बोनच्या आतल्या टोकाशी, गळ्याच्या खळगीच्या बाजूला. तिथे दोन बोटे ठेवून हात डोक्यावर नेला तर ते टोक फिरताना स्पष्ट जाणवते. हात सरळ वर जाताना जे १८० अंश होतात त्यांत ढोबळमानाने १२० खांद्याच्या सांध्याचे आणि ६० पात्याच्या फिरण्याचे असतात. पाते वरच्या दिशेला फिरले नाही तर हात वर जाणार नाही.

इथे मला आमच्या योगवर्गातली एक सूचना आठवली. पर्वतासनात हात वर नेल्यावर ‘खांदे खाली ओढा, कानांपासून दूर ठेवा’ असे बहुतेक शिक्षक सांगतात. पात्याला नेमके वर फिरायचे असते त्या क्षणी त्याला खाली दाबून धरायला सांगणे मला आता पटत नाही. मान आखडलेल्या माणसाला खांदे सैल सोडायला सांगणे वेगळे; पण खाली ओढायला सांगितले तर हात मध्येच अडकतो आणि तो पुढे रेटण्यासाठी माणूस कंबर मागे वाकवतो. मॅडमनी दुसरा प्रयोग दाखवला: अंगठा जमिनीकडे वळवून हात बाजूने वर नेऊ पाहिला तर तो खांद्याच्या उंचीच्या आसपास थांबतो, तळहात आकाशाकडे वळवला की पुढे जातो. दंडाच्या हाडावरचा उंचवटा पात्याच्या छताखाली अडतो, आणि हाड बाहेर वळले की तो बाजूला सरकतो. शिक्षकाने ‘तळहात वळवा’ एवढेच म्हटले तरी अर्ध्या तक्रारी कमी व्हाव्यात.

रविवार

सुट्टी असल्याने घरी मांडी घालून बसले आणि पायांचा धडा वाचला. सार्टोरियस हा शरीरातला सर्वांत लांब स्नायू. तो कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून निघतो, मांडीवरून तिरका आत उतरतो आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूने मागून वळून नडगीच्या वरच्या भागावर संपतो. चौथा रकाना झाकून विचार केला: खुब्याच्या पुढून जातो म्हणजे मांडी वर उचलेल, तिरका जातो म्हणजे ती बाहेर वळवेल, गुडघ्याच्या मागून वळतो म्हणजे गुडघा वाकवेल. तिन्ही एकत्र केल्या की जेवायला बसायची आपली मांडी तयार होते.

पद्मासनात माणसे अडतात ती मात्र बहुतेक वेळा खुब्यात. गुडघा हा मुख्यतः बिजागरीचा सांधा आहे. वाकलेला असताना तो थोडासा वळू देतो, त्यापलीकडे नाही. खुबा बाहेर वळायला तयार नसेल आणि पाऊल तरीही हाताने ओढून दुसऱ्या मांडीवर ठेवले, तर उरलेला पीळ गुडघ्यावर पडतो आणि तिथल्या कूर्चेच्या चकत्या मध्ये सापडतात. गुडघा दुखला की लोक गुडघ्याला तेल चोळत बसतात. उकिडवे बसण्याबद्दलही पुस्तकात एक ओळ सापडली: ज्या समाजांत लोक आयुष्यभर उकिडवे बसतात, त्यांच्या नडगीच्या हाडाच्या घोट्याकडच्या कडेवर एक लहान गुळगुळीत जागा तयार झालेली असते, आणि भारतीय सांगाड्यांत ती बरीच आढळते.

शेवटी पॉप्लिटियसपाशी बराच वेळ गेला. गुडघा पूर्ण सरळ झाला की शेवटच्या काही अंशांत हाडे एकमेकांवर किंचित वळून जणू कुलूप लागते, म्हणून आपण बराच वेळ फारसे श्रम न करता उभे राहू शकतो. वाकताना ते कुलूप काढण्याचे काम गुडघ्यामागच्या या लहानशा स्नायूचे. पुस्तकात त्याची क्रिया दोन ठिकाणी दोन प्रकारे दिलेली दिसली: एकीकडे मांडीचे हाड बाहेर वळते, दुसरीकडे नडगी आत वळते. स्नायू दोन्ही टोकांना सारखेच ओढतो. पाऊल जमिनीवर रोवलेले असेल तर नडगी हलू शकत नाही म्हणून मांडीचे हाड वळते, आणि पाय अधांतरी असेल तर नडगी वळते. वहीत दोन्ही चित्रे शेजारी शेजारी काढली आहेत, एकात पावलाखाली जमिनीची रेघ आहे आणि दुसऱ्यात नाही.