तुम्ही विचारलंत म्हणून: गरोदरपणात व्हिटॅमिन सीची गोळी

औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी असताना मला वारंवार विचारला जाणारा एक प्रश्न असा: "ताई, दिवस गेलेत, लिमसी चालते ना?" लिमसी म्हणजे क जीवनसत्त्वाची (व्हिटॅमिन सीची) चघळायची गोळी. विचारणारी बहुधा ती स्वतःच असते, कधी तिची सासू असते, तर कधी बायकोचा निरोप मोबाइलवरून वाचून दाखवणारा नवरा. करोनाच्या काळात झिंकच्या आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घरोघरी शिरल्या आणि तिथेच मुक्कामाला राहिल्या. सर्दी झाली, तोंड आले किंवा नुसते गळून गेल्यासारखे वाटले, तरी औषधांच्या डब्यातून ती नारिंगी गोळी चघळायला निघते. दिवस राहिल्यावरच पहिल्यांदा कुणाला तरी विचारावेसे वाटते, आणि गर्दीच्या वेळी मला त्याचे उत्तर दोन वाक्यांत द्यावे लागते. येथे ते जरा सविस्तर देते.

चालते. पण किती चालते, हे मिलिग्रॅममध्येच बोलावे लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी 2020 मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार प्रौढ स्त्रीला रोज 65 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरते, गरोदरपणी 80 आणि बाळाला अंगावर पाजताना 115 मिलिग्रॅम. दिवसभरात 2000 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, ही वरची मर्यादा. चघळायची नेहमीची गोळी 500 मिलिग्रॅमची असते, म्हणजे एकाच गोळीत गरजेच्या सहापट. त्याने विषबाधा होत नाही, कारण हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळते, मोठ्या मात्रेतला बराचसा भाग आतडे शोषूनच घेत नाही आणि शोषलेल्यातला जास्तीचा भाग लघवीवाटे निघून जातो. त्यामुळे दिवस गेल्याचे कळण्यापूर्वी एखादा आठवडा कुणी ही गोळी चघळली असेल, तर त्या काळजीने झोप उडवून घेण्याचे काहीही कारण नाही.

बाळाच्या बाजूनेही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वार (प्लासेंटा) हे जीवनसत्त्व बाळाकडे स्वतःहून ओढून नेते, इतके की नाळेच्या रक्तातले त्याचे प्रमाण आईच्या रक्तातल्यापेक्षा जास्त भरते. म्हणजे आई बऱ्यापैकी जेवत असेल, तर बाळाची उपासमार होत नाही. उलट बाजूची भीतीही जुनी आहे. आईने गरोदरपणात रोज 400 मिलिग्रॅम घेतल्यावर जन्मलेल्या बाळांमध्ये स्कर्व्हीची, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणाऱ्या आजाराची, लक्षणे दिसल्याची नोंद 1965 मध्ये कॅनडात झाली होती, आणि बाळाच्या शरीराला जास्तीची सवय लागते असा तर्क त्यावरून मांडला गेला. त्या नोंदीला पुढे भक्कम दुजोरा मिळाला नाही, तरी तिच्यामुळे ओढवलेला सावधपणा पाठ्यपुस्तकांत टिकून राहिला.

आता "थोडी जास्त घेतली तर बाळ सुदृढ होईल ना?" या समजुतीकडे वळते, कारण खरा घोळ तिथेच आहे. 1999 मध्ये इंग्लंडमधल्या 283 स्त्रियांवरच्या एका छोट्या अभ्यासाने मोठी आशा निर्माण केली होती. क आणि ई ही जीवनसत्त्वे एकत्र दिल्यास प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब चढून लघवीतून प्रथिने जाऊ लागण्याचा गंभीर विकार, कमी होतो असे त्यात दिसले. मग मोठ्या चाचण्या झाल्या. 2006 मध्ये ब्रिटनमध्ये जास्त धोका असलेल्या सुमारे 2400 स्त्रियांना रोज 1000 मिलिग्रॅम क आणि सोबत ई जीवनसत्त्व, नाहीतर औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी देण्यात आली. विकार कमी झाला नाहीच, उलट जीवनसत्त्वे घेणाऱ्या गटात कमी वजनाची बाळे अधिक जन्मली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या पहिलटकरणींवरच्या चाचणीतही काही हाती लागले नाही, आणि 2010 मध्ये अमेरिकेत दहा हजारांहून अधिक पहिलटकरणींवर केलेल्या चाचणीने तोच निकाल दिला.

यावर कुणी म्हणेल की त्या खात्यापित्या घरच्या बायका, आपल्याकडच्या अर्धपोटी राहणाऱ्या बायकांना तरी फायदा होत असेल. नेमकी हीच शंका धरून जागतिक आरोग्य संघटनेने भारत, पेरू, दक्षिण आफ्रिका आणि व्हिएतनाम येथे पोषण कमी असलेल्या स्त्रियांवर वेगळी चाचणी केली. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेला तिचा निकालही नकारात्मकच होता. अखेर 2016 च्या गर्भारपणातील तपासणीविषयक मार्गदर्शक सूचनांत संघटनेने स्पष्ट लिहिले की आई व बाळाचे आरोग्य सुधारण्यासाठी क आणि ई जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्याची शिफारस नाही. हजारो गरोदर बायकांनी चाचणीत भाग घेऊन मिळवून दिलेले हे उत्तर जाहिरातींत कुठेच दिसत नाही, याचा मला अजूनही राग येतो. अपवाद म्हणावा असा एकच निकाल मला महत्त्वाचा वाटतो. 2014 मध्ये अमेरिकेत, धूम्रपान न सोडू शकलेल्या गरोदर स्त्रियांना रोज 500 मिलिग्रॅम दिल्यावर त्यांच्या बाळांच्या फुप्फुसांचे काम जन्मतः अधिक चांगले आढळले. त्याचा अर्थ गोळी घेऊन सिगारेट ओढावी असा कुणी काढू नये.

प्रत्यक्षात मात्रा कशी वाढत जाते, ते काउंटरवर पाहण्यासारखे असते. मी पिशवीतल्या सगळ्या गोळ्या ओळीने मांडायला सांगते आणि लेबले वाचते. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळीत क जीवनसत्त्व आधीच घातलेले असते, मल्टिव्हिटॅमिनमध्ये ते असतेच, पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या 1000 मिलिग्रॅमच्या गोळ्यांची नळी परदेशातल्या बहिणीने पाठवलेली असते, आणि वर सर्दीसाठी लिमसी सकाळ-संध्याकाळ. बेरीज केली की 2000 चा आकडा सहज ओलांडला जातो, आणि हे सगळे "साधे व्हिटॅमिन" या नावाखाली. एवढ्या मात्रेने जुलाब होतात, छातीत जळजळते, आणि ज्यांना मुतखड्याची प्रवृत्ती आहे त्यांच्या लघवीत खडा बनवणारे ऑक्झलेट वाढते. फसफसणाऱ्या गोळीत सोडियम बऱ्यापैकी असते, तेव्हा रक्तदाब वाढलेल्या बाईने ती टाळलेली बरी. सहसा कुणी सांगत नाही अशी आणखी एक गोष्ट म्हणजे, लघवीत क जीवनसत्त्व भरपूर उतरले तर तपासणीच्या पट्टीवर साखर किंवा रक्त असूनही नसल्यासारखे दिसू शकते, आणि काही ग्लुकोमीटरवरचा आकडाही मोठ्या मात्रेने चुकतो. गरोदरपणातल्या मधुमेहामुळे घरी रोज बोट टोचून साखर मोजणाऱ्या बाईने म्हणूनच ही गोळी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये. जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असणाऱ्यांनी, तसेच थॅलेसेमियामुळे वारंवार रक्त चढवून शरीरात लोह साठलेल्यांनीही मोठ्या मात्रेपासून दूरच राहावे.

लोहाच्या गोळीबरोबर मात्र क जीवनसत्त्व हवेच, असे अनेक जणी ऐकून येतात, आणि त्यात तथ्य आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 52.2 टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. सरकारी दवाखान्यातून दुसऱ्या तिमाहीपासून 180 दिवस मिळणाऱ्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असते, आणि भाजीपाल्यातले लोह आंबटाबरोबर अधिक शोषले जाते, हे खरेच आहे. पण त्यासाठी वेगळी 500 ची गोळी लागत नाही. रक्तक्षय असलेल्या प्रौढांवर चीनमध्ये झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, लोहाच्या गोळीसोबत क जीवनसत्त्वाची गोळी दिल्याने हिमोग्लोबिन वाढण्यात काही फरक पडला नाही. त्या चाचणीत गरोदर स्त्रिया नव्हत्या, तरी मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी आणि चहा तासा-दोन तासांनी प्यावा, एवढे पाळले तरी पुष्कळ झाले.

80 मिलिग्रॅम ताटातून मिळवणे अवघड नाही. शंभर ग्रॅम पेरूत दोनशेच्या आसपास मिलिग्रॅम असते आणि आवळ्यात त्याहूनही थोडे अधिक. कोकणात उन्हाळ्यात काजूगर काढून घेतल्यावर बागेत टाकून दिले जाणारे बोंडू याबाबतीत संत्र्याला कितीतरी मागे टाकतात. उष्णतेने हे जीवनसत्त्व नष्ट होते, त्यामुळे मोरावळ्यावर भिस्त ठेवू नये, आणि लिंबू आमटी उकळताना न पिळता ताटात वाढल्यावर पिळावे. डोहाळ्यांत उलट्या होऊन आठवडाभर काहीच पोटात राहत नसेल, तर तेव्हा गोळीचा विचार जरूर करावा, पण तो डॉक्टरांनी करावा.

एक प्रश्न काउंटरवर अगदी दबक्या आवाजात येतो: "जास्त गोळ्या घेतल्या तर पाळी येते म्हणतात, खरं का?" नको असलेल्या गर्भासाठी क जीवनसत्त्वाच्या मुठी भरून गोळ्या घेण्याचा सल्ला कुठून कुठून फिरत असतो. त्याने गर्भपात होतो, हे सिद्ध झालेले नाही. जुलाब आणि पोटदुखी तेवढी होते, आणि मोलाचे दिवस वाया जातात. भारतात नोंदणीकृत डॉक्टरकडे 20 आठवड्यांपर्यंत, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर काही विशिष्ट परिस्थितींत 24 आठवड्यांपर्यंत, गर्भपात कायदेशीर आहे, आणि प्रौढ स्त्रीला त्यासाठी नवऱ्याची सही लागत नाही. तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर कायद्यानेच बंधनकारक आहे. याच प्रश्नाची दुसरी बाजू म्हणजे, हव्या असलेल्या गर्भाच्या आईने घाबरून पेरू-लिंबूही सोडून देणे. त्याची काहीच गरज नाही.

आणि हिरड्यांतून रक्त येते म्हणून जी गोळी मागायला येते, तिला मी सहसा गोळी देत नाही. गरोदरपणात संप्रेरकांमुळे हिरड्या सुजतात आणि ब्रश लागताच रक्त येते. ती बहुतेकदा क जीवनसत्त्वाची कमतरता नसते. आंबट गोळी तोंडात घोळवल्याने, आधीच उलट्यांनी झिजलेल्या दातांचे नुकसान मात्र वाढते. तिने दातांच्या डॉक्टरकडे जाऊन हिरड्या साफ करून घ्याव्यात. गरोदरपणात ते करता येते, फक्त दिवस गेल्याचे त्यांना आधी सांगावे.