हात सैल सोडा

खडकवासल्याच्या अलीकडे रस्त्यावर ते जाड पांढरे पट्टे ओळीने आले, तेव्हा सवयीने मी सायकलचे हँडल घट्ट आवळले आणि मनगटातून खांद्यापर्यंत चढणाऱ्या ओळखीच्या कळेची वाट पाहिली; ती आलीच नाही.

आज सकाळी तासभर चालवायला मिळालेली ती कार्बनची सायकल स्पेशलाइज्ड या कंपनीची रूबे होती. उत्तर फ्रान्समधील दगडी रस्त्यांवरून १८९६ पासून होत आलेल्या पॅरिस-रूबे शर्यतीवरून तिचे नाव पडले आहे आणि हँडलखाली २० मिलिमीटर दबणारी स्प्रिंग त्या दगडांसाठीच बसवलेली आहे.

निघताना दुकानातील मेकॅनिक काका एवढेच म्हणाले होते, "हात सैल सोडा, हादरे तिला घेऊ द्या." परतीच्या वाटेवर मी तसे केले, तेव्हा त्याच पट्ट्यांवर ब्रेकच्या मुठींवर टेकलेली माझी बोटे अगदी स्थिर दिसली.

तेव्हापासून एकच विचार मनातून जात नाही. सायकलींचे शहर म्हणवल्या गेलेल्या पुण्यात आजही कितीतरी जण हे हादरे मुकाट्याने सोसत रोज कामावर जातात. ही सायकल त्यांना परवडणारी नाही. पण थोडा रुंद टायर आणि त्यात बेताची हवा, यानेही बराच फरक पडतो, हे त्यांना कोणी सांगितले असेल का?