खांदो दुखता

१९५७ सालचा जुलै. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, एका तालुक्याच्या गावी मी सरकारी दवाखान्यात डॉक्टर होतो. पुण्याहून एम.बी.बी.एस. होऊन दोन वर्षं झालेली. १२ खाटा, एक सिस्टर, एक कंपाउंडर, एक वॉर्डबॉय. गावात वीज नव्हती. पावसाळ्यात मुंबईच्या बोटी बंद असायच्या, आणि घाटात दरड आली की कोल्हापूरही तुटायचं. त्या आठवड्यात दरड आलेली होती.

दुपारी तीनच्या सुमाराला चार गडी डोली घेऊन आले. वर घोंगडी, त्यातून पाणी निथळतंय. आत बावीस-तेवीस वर्षांची बाई, सोबत सासू. सकाळी आठळ्यांची भाजी खाल्ली, पोटात कळ आली आणि चुलीपुढेच घेरी येऊन पडली. मग दोन उलट्या. खाडीला पाणी चढलेलं, होडीवाला तयार होईना, त्यात सगळी सकाळ गेली.

ओठ पांढरेफटक, हात गार, नाडी १४० आणि जेमतेम हाताला लागणारी. पोट जरा फुगलेलं, पण फळीसारखं कडक नव्हतं. साथीचे दिवस होते, उलट्या-जुलाबाचे पेशंट रोज येत होते. मी सलाईन लावायला सांगितलं आणि पुढच्या पेशंटकडे वळलो. तो पाऊण तास मी तिला द्यायला हवा होता. त्याची खंत मला आजही आहे.

खाटेवर आडवं केलं की ती धडपडून उठायला बघायची. ‘माका बसवा. खांदो दुखता.’ सासूचं म्हणणं, पडताना लागलं असेल, म्हणून वाटेत खोबरेल चोळलं. उशांना टेकवून बसवली की ती शांत व्हायची, निजवली की पुन्हा तेच. सिस्टरनं दोन-तीनदा हे पाहिलं आणि मला बोलावून घेतलं. ‘डॉक्टर, खांद्याला मार नाही. हात सरळ वर करतेय ती. पण आडवी केली की ओरडते.’

माझ्या हातातली चिठ्ठी तशीच राहिली. पोटात रक्त सांडलेलं असलं आणि माणूस आडवा झाला, की ते रक्त वर सरकून डायफ्रॅमखाली, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली, जमतं. डायफ्रॅमची नस मानेत उगम पावते, खांद्याच्या कातडीच्या नसाही तिथूनच येतात. म्हणून दुखतं पोटातलं आणि कळतं खांद्यात. हे मी पाठ करून परीक्षेत लिहिलं होतं. पेशंटच्या तोंडून, तेही मालवणीत, पहिल्यांदाच ऐकत होतो आणि ऐकूनही मला कळलं नव्हतं.

पुढचे प्रश्न मी विचारले असते तर उत्तर मिळालं नसतं. सिस्टरनं पडदा ओढला आणि पाच मिनिटांत बाहेर आली. नवरा मुंबईला गिरणीत, मे महिन्यात येऊन गेलेला. दीड महिना कावळा शिवलेला नाही. परवापासून थोडं थोडं अंगावर जातंय.

मी पोटाच्या खालच्या बाजूला सुई घातली. सिरिंजमध्ये काळपट रक्त आलं. ते टेस्ट ट्यूबमध्ये ओतून खिडकीत उभं करून ठेवलं आणि घड्याळ लावलं. दहा मिनिटं झाली तरी ट्यूब तिरकी केली की रक्त पाण्यासारखं वाहत होतं. सुई चुकून शिरेत गेली असती तर ते एव्हाना गोठलं असतं. पोटात सांडलेलं रक्त तिथेच एकदा गोठून जातं, त्यातलं फायब्रिन, म्हणजे रक्त गोठवणारे धागे, निघून जातं आणि उरलेलं पातळ ते पातळच राहतं. गर्भ पिशवीत नव्हता, नळीत होता आणि नळी फुटली होती.

यावरचा उपाय जुना होता. लॉसन टेट यांनी १८८३ साली पोट उघडून फुटलेली नळी बांधली आणि बाई वाचवली, तेव्हापासून तो ठरलेला. अडचण रक्ताची होती. मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली एक सबंध नवा रक्तगट जगापुढे मांडला होता, आणि माझ्याकडे साधा ए-बी पाहायचं सिरमसुद्धा नव्हतं. डोलीच्या गड्यांना विचारलं तर ते व्हरांड्याच्या पायरीपर्यंत मागे सरले. त्यांना मी दोष देत नाही. अंगातलं रक्त काढलं की माणूस कायमचा अधू होतो अशीच समजूत होती, आणि हातावर पोट असलेल्या माणसाला ती भीती मोठी. दिराला मुंबईची तार करायला पाठवलं.

शिकताना एकदा सरांनी जाता जाता सांगितलेलं आठवलं. थीस नावाच्या जर्मन डॉक्टरनं १९१४ साली अशाच बायकांच्या पोटातलं रक्त गोळा करून त्यांनाच परत दिलं होतं. मी सिस्टरला विचारलं, ‘सोडियम सायट्रेट आहे?’ काढलेलं रक्त गोठू नये म्हणून ते घालतात. ती काही न बोलता कपाट उघडायला गेली. कंपाउंडरनं ३.८ टक्क्यांचं द्रावण करून उकळायला ठेवलं, त्याच स्टोव्हवर पळी, इनॅमलचं नरसाळं आणि रबराची नळी.

भूल ईथरची. इतक्या खचलेल्या पेशंटला क्लोरोफॉर्म द्यायची माझी छाती नव्हती, तो हृदयावर जातो. पण ईथर पेट घेतं आणि आमचा उजेड पेट्रोमॅक्सचा. ईथरची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते. म्हणून बत्ती खिडकीबाहेर, बंद काचेपलीकडे उंच टांगली आणि वॉर्डबॉयला एव्हरेडीची मोठी बॅटरी घेऊन माझ्या खांद्यामागे उभं केलं. घोट्याजवळची शीर उघडून सलाईन चालू होतं. कंपाउंडर जाळीच्या मास्कवर थेंब थेंब ईथर सोडत राहिला.

बेंबीखाली छेद घेतला. पोटाचं आतलं अस्तर निळंजांभळं दिसत होतं. ते जेमतेम दोन बोटं उघडलं, एकदम उघडलं असतं तर रक्त टेबलावर सांडलं असतं. पळीनं उपसायचं, गाठी बाजूला टाकायच्या, पातळ तेवढं घ्यायचं. सिस्टरनं नरसाळ्यात गॉझच्या ८ घड्या घातल्या होत्या. पहिली पळी तिनं नाकाजवळ धरून पाहिली. घाण वास नव्हता. मग १०० सीसी रक्ताला १० सीसी सायट्रेट, असं करत बाटली भरू लागली. जागा होताच मी हात आत घातला. उजवी नळी बोटांत आली, चिमटा लागला, रक्त थांबलं. हे सांगायला एक ओळ लागते, तेव्हाही फार वेळ लागला नाही. वेळ लागला तो उपसण्याला. जवळजवळ १२०० सीसी निघालं.

सलाईनची बाटली काढून ती लाल बाटली लावली. वरचा दाब मघाशी ६० होता. पहिली बाटली संपेपर्यंत ८० झाला. कंपाउंडरनं मास्क थोडा उचलला आणि म्हणाला, ‘ओठ बघा.’ बॅटरीच्या उजेडात ओठांना रंग आला की नाही ते मला नीट दिसेना. काळजीही होती. तुटलेल्या पेशी मूत्रपिंडात अडकल्या तर लघवी बंद होते. रात्रभर सिस्टर आणि मी आळीपाळीनं बसलो. पहाटे लघवी झाली, चहासारखी, दुपारच्याला निवळली. पिंपरीच्या कारखान्यातलं पेनिसिलीन नुकतंच आमच्यापर्यंत पोचायला लागलं होतं, ते सुरू होतंच.

सहाव्या दिवशी दरड हटली आणि पहिल्याच एस.टी.नं तिचा नवरा आला. गिरणीचा बदली कामगार, डोळे जागरणानं लाल. दिरानं तारेत रक्त हवं एवढंच घातलं होतं. तो वॉर्डात न जाता थेट माझ्या टेबलापाशी आला, सदऱ्याची बाही दंडापर्यंत वर सारली आणि हात टेबलावर ठेवला. ‘घेवा डॉक्टरांनू. व्हया तेवढा घेवा.’

मी त्याला वॉर्डात नेलं. ती उशी न घेता उताणी झोपली होती. त्यानं बाही खाली केली नाही, तसाच खाटेशी उभा राहिला.